रोल-अप स्टँडी घेताय? पैसे देण्याआधी बाजूची टोपी बघा

रोल-अप स्टँडी म्हणजे उघडताना वर ओढायचा आणि मिटताना खालच्या बॉडीत गुंडाळला जाणारा जाहिरातीचा उभा फलक. माझ्या स्टँडीची ॲल्युमिनियमची बॉडी धड आहे, मागचा दांडा सरळ आहे, खालचे पाय घट्ट फिरतात, बॅगेची चेनसुद्धा चालू आहे. तरीही दुकानदाराच्या मते ती "गेली". कारण काय, तर बॉडीच्या एका टोकाला असलेली काळी प्लास्टिकची टोपी तडकली. वीस-पंचवीस रुपयांचा तुकडा असेल. त्यापायी दीड हजाराची वस्तू भंगारात टाकायला सांगितली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. नाशिकमध्ये छोटा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी स्टँडी लागतेच. प्रदर्शनात, डीलर मीटिंगला, नाहीतर दुकानाच्या उद्घाटनाला.

आमची माती, पाणी आणि द्राक्षाच्या पानाच्या देठाचं परीक्षण करणारी छोटी लॅब आहे. द्राक्षबागांच्या एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबर छाटणीच्या आसपास दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या भागात गावोगाव चर्चासत्रं होतात. कधी मंगल कार्यालयात, कधी मारुतीच्या सभामंडपात, कधी थेट बागेच्या बांधावर. शहरात डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शन लागलं की तिथे स्टॉल असतो. म्हणजे स्टँडी आठवड्यात दोनदा उघडली-मिटली जाते, कधी गाडीच्या डिकीत, कधी स्कूटरवर पायांजवळ आडवी. एकदा उभी करून वर्षभर तशीच ठेवणाऱ्या शोरूमवाल्यांना माझा अनुभव लागू होणार नाही.

घेतली ती ३ बाय ६ फुटांची, स्टार फ्लेक्सच्या (फलकाच्या साध्या प्लास्टिक कापडाच्या) छपाईसह १३५० रुपयांना. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५९३. लोखंडी फ्रेमची स्टँडी निम्म्या पैशात मिळत होती, पण ती घडी होत नाही आणि स्कूटरवर नेता येत नाही. तो विषय तिथेच संपला. आयलेटवाली (म्हणजे कोपऱ्यांच्या कडी मारलेल्या भोकांत काड्या अडकवून ताणायची) एक्स स्टँडी तेव्हा मला तकलादू वाटली. तिच्याबद्दल पुढे सांगते, कारण तिथे माझं मत बदललं.

पहिला हंगाम स्टँडीने फार छान काम केलं. आमच्या स्टँडीवर लॅबचं नाव लहान आहे आणि वेलीच्या काडीचं चित्र मोठं आहे. देठ परीक्षणासाठी कोणतं पान तोडायचं हे त्यात दाखवलंय: खरड छाटणीनंतर ४५ दिवसांनी खालून पाचवं पान, आणि फुलोऱ्यात घडाच्या समोरचं पान. पातं लगेच काढून टाकायचं, फक्त देठ कागदी पिशवीत आणायचा. तोंडी सांगून सांगून घसा कोरडा व्हायचा, तरी लोक शेंड्याची कोवळी पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायचे. स्टँडी उभी राहायला लागल्यापासून शेतकरी जवळ येतात, मोबाईलवर फोटो काढतात, तो भावकीच्या ग्रुपवर टाकतात, आणि चुकीचे नमुने येणं खरोखर कमी झालं. एवढ्या उपयोगाची जाहिरात मी दुसरी केलेली नाही. म्हणूनच ती बंद पडली तेव्हा जिवाला लागलं.

बंद पडली ती अशी. दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात चर्चासत्र संपलं, आमच्या लॅबमधला मुलगा स्टँडी मिटायला गेला, आतून 'कट्' असा आवाज आला आणि फ्लेक्स आत जायचाच थांबला. सहा फूट फ्लेक्स बाहेर लोंबतोय आणि ओढणारं कुणी नाही. हाताने गुंडाळून, सुतळी बांधून घरी आणला.

घरी दोन्ही बाजूंचे स्क्रू काढून बघितलं. आत ॲल्युमिनियमची पोकळ नळी असते, तिच्यावर फ्लेक्स गुंडाळला जातो. नळीच्या पोटात लांब स्प्रिंग असते. स्प्रिंगचं एक टोक नळीला धरलेलं, दुसरं एका छोट्या आसाला. तो आस बाजूच्या टोपीतल्या चपट्या खाचेत बसतो आणि तिथे तो फिरता कामा नये. फ्लेक्स वर ओढला की नळी फिरते, आस जागेवर राहतो, स्प्रिंगला पीळ बसतो. मिटताना तोच पीळ फ्लेक्सला आत खेचतो. म्हणजे स्प्रिंगचा सगळा जोर कुठे येतो? त्या खाचेवर. आणि खाच कशाची, तर जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकची. खाच तडकली की आस मोकळा फिरतो आणि स्प्रिंगचा पीळ क्षणात उतरतो. बाकी सगळं शाबूत असतं.

बॉडी ॲल्युमिनियमची, दांडा ॲल्युमिनियमचा, जिथे काहीच जोर नाही ती वरची पट्टीसुद्धा ॲल्युमिनियमची, आणि जिथे सगळा जोर आहे तो भाग प्लास्टिकचा! हे ज्याने ठरवलं त्याने स्टँडी किती वर्षं चालावी हेही ठरवलेलं असणार, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. घेताना "वर्षभर काही होत नाही मॅडम" असं ऐकलेलं होतं. आता उत्तर आलं, "मॅडम, मेकॅनिझमची वॉरंटी नसते. बिलावर बघा." बिलावर विकलेला माल परत घेतला जाणार नाही एवढंच छापलेलं. मी म्हटलं, परत घेऊ नका, मला फक्त टोपी द्या, पैसे देते. "सुटी टोपी येत नाही, खोक्यात पूर्ण पीस येतो. नवीन घेऊन टाका, तुम्हाला शंभर कमी लावतो."

दुकानाच्या मागच्या बाजूला अशाच मेलेल्या स्टँडींचा ढीग होता. मी त्याला विचारून त्यातल्या हाताला लागतील तेवढ्या उलटून पाहिल्या. एखाद-दुसरीचा पाय मोडलेला होता. बाकी सगळ्यांची टोपी तडकलेली, आणि तीही स्प्रिंगच्याच बाजूची. दुसऱ्या बाजूची टोपी सगळ्यांची नव्यासारखी. त्या टोप्या घ्याव्यात म्हटलं तर खाच नाही, नुसतं गोल भोक. तिथे आस मोकळाच फिरतो. ढीग किलोवर भंगारात जातो, असं त्यानेच सांगितलं. चांगल्या ॲल्युमिनियमची ही नासाडी बघून मला संताप आला आणि अजून आहे. गिऱ्हाइकाला दरवर्षी नवी घ्यायला लावायची, हा धंदा मला पटत नाही.

पुढचं चर्चासत्र दोन दिवसांवर होतं, म्हणून तात्पुरती ४५० रुपयांची एक्स स्टँडी घेतली. तिच्यात स्प्रिंग नाही, टोपी नाही. चार काड्या, मधे एक जोड, चार कोपऱ्यांना आयलेट. बिघडायला काही नाहीच. वजन इतकं कमी की दुसऱ्या हातात नमुन्यांची पेटी धरता येते. बंद खोलीतल्या छोट्या बैठकीला आता मी तीच नेते. तिची दुखरी जागा म्हणजे आयलेट. काड्यांच्या ताणाने फ्लेक्स कोपऱ्यात फाटत जातो. छापून घेतानाच कोपऱ्यांवर मागून दुहेरी फ्लेक्सचा तुकडा चिकटवून मग आयलेट मारून घ्या, फ्लेक्सवाला ते सहज करून देतो. मात्र बाहेर ती अजिबात चालत नाही. दाराची झुळूक आली तरी सरकते.

मोडलेली रोल-अप माझ्या डोळ्यासमोरून हलत नव्हती. शेवटी ती घेऊन अंबडला गेले. औद्योगिक वसाहतीत छोट्या गाळ्यांमधून जॉबवर्क करणारे फिटर आहेत, तिथल्या एका काकांकडे आमच्या मिक्सरचा शाफ्ट पूर्वी करून घेतला होता. त्यांनी तडकलेली टोपी हातात फिरवली आणि म्हणाले, "ताई, हे कुणी बनवलं? लोड इथे आहे ना." एवढं एक वाक्य ऐकून बरं वाटलं.

त्यांनी ६ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर जुनी टोपी टेकवून रेघ मारली, हॅक्सॉने कापून कडा कानसीने घासल्या. मधे ड्रिल मारून आसाच्या मापाची चपटी खाच कानसीनेच काढली आणि ती आसावर पुन्हा पुन्हा बसवून पाहिली, जरासुद्धा खेळ राहू नये म्हणून. स्क्रूची दोन भोकं जुन्या जागीच. मग पान्याने आस फिरवून स्प्रिंगला पीळ दिला आणि पिन लावली. इथे एक सांगते: पीळ जास्त दिला तर उभी केल्यावर मागचा दांडा धनुष्यासारखा वाकतो, कमी दिला तर शेवटचा हातभर फ्लेक्स आत जात नाही. फ्लेक्स पूर्ण वर ओढून बघायचा आणि मगच स्क्रू आवळायचे. सगळ्याचे त्यांनी २०० रुपये घेतले. मी जास्त देत होते, त्यांनी घेतले नाहीत.

त्याच स्टँडीने त्यानंतरचा ऑक्टोबरचा अख्खा हंगाम काढला. टोपीला ओरखडासुद्धा नाही. मिटताना आता आवाजही वेगळा येतो, एकसंध आणि भरीव.

फ्लेक्सचं सांगायचं राहिलं. साधा स्टार फ्लेक्स पहिल्या उन्हाळ्यातच दोन्ही कडांना आत वळला. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत स्टँडी ठेवली की हे होणारच. आमचं नेमकं पाचवं पान उजव्या कडेला होतं, ते वळलेल्या कडेत अर्धं दिसेनासं झालं. शिवाय मांडवात मागून उजेड आला की साधा फ्लेक्स आरपार दिसतो आणि रंग फिके पडतात. फ्लेक्सवाला नॉन-टिअरेबल, म्हणजे सहज न फाटणारा, सुचवत होता, पण चौरस फुटाला १२ च्या जागी ३० रुपये म्हणजे १८ चौरस फुटांना २१६ ऐवजी ५४०. तेव्हा मला ते उधळपट्टीचं वाटलं होतं. टोपी बदलल्यावर मात्र करड्या पाठीचा नॉन-टिअरेबल घातला आणि तो दुसऱ्या उन्हाळ्यातही सपाट आहे, मागच्या उजेडाचाही त्रास नाही. स्टँडी धातूच्या टोपीची असेल तर हे पैसे जरूर घाला. प्लास्टिकच्या टोपीवर घालू नका, टोपी आधी जाईल.

स्टँड तोच ठेवून फक्त छपाई बदलताना फ्लेक्सवाल्याला सांगा की आतली, नळीला जोडलेली मूळ पट्टी बाहेर धरून ठेव आणि नवी छपाई त्या पट्टीला दुहेरी टेपने जोड. पट्टी हातातून सुटली तर ती बॉडीच्या पोटात जाते आणि सगळं खोलावं लागतं. खालचे चार-पाच इंच बॉडीत जातात, तिथे काही छापू नका. फोन नंबर तर खाली नकोच. स्टॉलवर समोर टेबल आणि माणसं असतात, कमरेखालचं कुणाला दिसत नाही. आमचा नंबर आणि क्यूआर कोड छातीच्या उंचीवर आहे.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. रोल-अप ही आतल्या जागेची वस्तू आहे. मैदानावरच्या मांडवात, विशेषतः पावसाआधीच्या जूनच्या वाऱ्यात, ती शिडासारखी हवा धरते आणि तोंडावर पडते. पडताना टोपीवरच आदळते, हे वेगळं सांगायला नको. पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा, वरची पट्टी मांडवाच्या बांबूला सुतळीने बांधा, आणि वारा वाढला तर सरळ मिटून ठेवा. रस्त्यावर, फुटपाथवर तर उभी करूच नका. सार्वजनिक जागेतल्या विनापरवाना फलकांसाठी १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहे आणि महापालिकेची गाडी उचलून नेते.

आता ऑक्टोबर छाटणीच्या आधी दुसरी रोल-अप घ्यायची होती. या वेळी चार दुकानं फिरले आणि प्रत्येक ठिकाणी एकच मागणी केली: स्प्रिंगच्या बाजूची टोपी उघडून दाखवा. दोघांनी नकार दिला, तिसऱ्याकडे पुन्हा तेच प्लास्टिक. चौथ्याने मात्र कुरकुर न करता स्क्रू काढले. रुंद पायाची जड बॉडी, टोपीच्या आत धातूची चकती बसवलेली, छपाईशिवाय २१०० रुपये. ती घेतली. स्कूटरवर जड जाते, हे खरं. पण मांडवात जुनीपेक्षा कितीतरी स्थिर उभी राहते, त्यामुळे वजनाची तक्रार मी मागे घेते.

आणि ज्यांच्याकडे मेलेली स्टँडी माळ्यावर पडली आहे, त्यांनी ती भंगारात देऊ नये. फिटरकडे जाताना तडकलेल्या टोपीचे सगळे तुकडे सोबत न्या, बाहेरचा आकार त्यावरूनच काढता येतो. खाचेचं माप मात्र टोपीवरून घेऊ देऊ नका, ती तडकून रुंद झालेली असते. ते आसावरून घ्यायचं. आणि स्क्रू चपट्या डोक्याचे, टोपीत बुडणारे लावून घ्या, नाहीतर स्टँडी बॅगेत जाताना अडते.