खायची द्राक्षं लावू की वाईनची?

दिंडोरीकडं डोंगराच्या पायथ्याला जमीन असलेला एक मित्र थॉमसन (खायची) लावू की शिराज (वाईनची) यात अडकलाय, म्हणून लिहितोय, वायनरीवाल्यांची गुलाबी गणितं बाजूला ठेवून.

एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी), डाऊनी-भुरी या बुरशी रोगांच्या फवारण्या दोन्हीकडं आहेतच. खरा फरक मजुरीत. थॉमसनला मणी फुगवायला जीएचे डिपिंग (जिबरेलिक अ‍ॅसिड या संजीवकात घड बुडवणं), मग बायका घड हातात धरून कात्रीनं एकेक मणी विरळत बसतात, एक्सपोर्टला रेसिड्यूची (औषधांच्या उरलेल्या अंशाची) तपासणी वेगळीच. शिराजचा मणी बारीकच हवा, हे सगळं वाचतं. पण साखर 22-24 ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) जाईपर्यंत माल वेलीवर ठेवायचा आणि तेवढ्यात अवकाळी आला की जीव टांगणीला (थॉमसन तर पावसात तडकतंच म्हणा).

भावाचं काय? थॉमसन पडलं तरी लोकल मार्केट आहे, नाहीतर बेदाणा. शिराजला गिऱ्हाईक एकच, वायनरी. 2009-10 च्या सुमारास मंदीत मागणी आटली तेव्हा नाशकात लोकांनी वाईनच्या बागा तोडल्या होत्या.

मजूर, भांडवल हाताशी असेल नि भावाचा जुगार झेपत असेल तर थॉमसन. मजूर मिळत नसतील आणि लेखी करार झाला असेल तरच शिराज, तोंडी शब्दावर एक काडीपण लावू नको.