स्टेअरिंग अँगल सेन्सर: बदलायचा की नुसतं कॅलिब्रेशन?

डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लागून राहिला आणि स्कॅनरवर स्टेअरिंग अँगल सेन्सरचा, म्हणजे स्टेअरिंग किती वळलंय ते मोजणाऱ्या भागाचा, कोड आला, की एक गॅरेजवाला म्हणतो ‘सेन्सर गेला, नवा टाकू’, दुसरा म्हणतो ‘कॅलिब्रेशन करून बघू’, म्हणजे सेन्सरचं शून्य पुन्हा ठरवू. दोघांपैकी कोणाचंही ऐकण्याआधी लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सर त्या क्षणी किती अंश कोन सांगतोय तो आकडा, दाखवायला सांगा. सी००५१ सारखा कोड सर्किटकडे बोट दाखवतो, सेन्सर मेल्याचा दाखला देत नाही.

गाडी सपाट जागी, चाकं सरळ. आकडा शून्याच्या आसपास हवा. मग स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आकडा सलग बदलतोय, पण सरळ धरल्यावर आठ-दहा अंश दाखवतोय? मग सेन्सर धडधाकट आहे, शून्य तेवढं सरकलंय. माझ्या गाडीत चाकांच्या अलाइनमेंटनंतर दिवा लागला तेव्हा असाच 11 चा आकडा होता, आणि मला मात्र नव्या सेन्सरचा खर्च सांगून झाला होता! काही गाड्यांत बॅटरी काढल्यावरही असं होतं. इथे कॅलिब्रेशन पुरतं. फक्त सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहत असेल, तर आधी अलाइनमेंट नीट करून घ्या. तिरक्यालाच शून्य ठरवून काय उपयोग?

आकडा मध्येच उडी मारत असेल, गोठत असेल किंवा येतच नसेल, तर कॅलिब्रेशनवर पैसे घालू नका. पण लगेच सेन्सरही मागवू नका. यू०१२६ कोड म्हणजे सेन्सरशी संपर्क तुटलाय. फ्यूज, कनेक्टर, वायरिंग आधी. सोबत हॉर्न किंवा स्टेअरिंगवरची बटणं बंद असतील आणि एअरबॅगचाही दिवा असेल, तर संशय क्लॉक स्प्रिंगवर, म्हणजे फिरत्या स्टेअरिंगपर्यंत वीज नेणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीवर. बऱ्याच गाड्यांत सेन्सर तिच्यासोबतच बसतो, एअरबॅगच्या मागे. म्हणून ते घरी उघडायचं काम नाही.

तपासणी घरच्या घरी करायची म्हणाल, तर गाडीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर कोड दाखवणारा स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुतेक वेळा इंजिनचेच कोड वाचतो. हा कोड सहसा एबीएसच्या, म्हणजे ब्रेक आणि घसरण सांभाळणाऱ्या, मॉड्यूलमध्ये असतो; तिथपर्यंत तो पोचतच नाही, त्यामुळे त्याच्या ‘कोड नाही’वर विसंबू नका. एबीएस वाचणारा मल्टिब्रँड स्कॅनर असलेलं गॅरेज निवडा. अधिकृत सर्व्हिस सेंटर तेव्हाच, जेव्हा तुमच्या मॉडेलचं कॅलिब्रेशन त्या स्कॅनरला जमत नसेल.

आणि सेन्सर बदलायचा ठरलाच, तरी बहुतेक गाड्यांत नंतर कॅलिब्रेशन लागतंच. कोटेशनमध्ये ते धरलंय का, हे गाडी सोडण्याआधी विचारा.