ब्रॅम्ली सफरचंदाचं झाड: लावल्यापासून जवळजवळ ४ वर्षांचा अनुभव

जानेवारी २०२२ ला इथे इंग्लंडमध्ये लेस्टरला घरामागच्या बागेत ब्रॅम्लीचं कलम लावलं, या ऑक्टोबरला ३१ सफरचंदं उतरवली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. मुद्द्याचं आधी सांगते, शिजवायला आंबट सफरचंद हवं असेल आणि जागा असेल तर जरूर लावा, पण एकटं लावू नका.

ब्रॅम्ली ट्रिप्लॉइड आहे, म्हणजे गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, त्यामुळे त्याचे पराग जवळपास निकामी. त्याला फळायला दुसरं झाड लागतं, आणि त्या दुसऱ्या झाडाला ब्रॅम्लीचा उपयोग नाही म्हणून त्याच्यासाठी तिसरं. विकणाऱ्या नर्सरीने यातलं काहीच सांगितलं नाही. २०२३ च्या मे महिन्यात झाड गुलाबी फुलांनी भरलं, मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन बघायला जायचे, आणि एक फळ धरलं नाही. फार वाईट वाटलं. मग जेम्स ग्रीव्ह आणि डिस्कव्हरी या सफरचंदाच्या दुसऱ्या दोन जाती लावल्या, दोन्ही साधारण याच सुमारास फुलतात. शेजारी कुणाकडे क्रॅब ॲपल (छोटं रानटी सफरचंद) असेल तरी काम होतं.

दुसरी चूक माझी. त्या हिवाळ्यात झाड आटोपशीर ठेवायचं म्हणून सगळ्या फांद्यांचे शेंडे छाटले, आणि ब्रॅम्लीला बरीचशी फुलं शेंड्यालाच येतात! २०२४ ला मोजून ४ फळं. खुंट (ज्या मुळावर कलम बांधतात तो) एम२६ हा झाड लहान ठेवणारा घेतला ते बरं झालं, याची वाढ मुळातच दांडगी, मोठ्या खुंटावर माझ्या बागेत मावलं नसतं. बाकी त्रास एवढाच की फुलं असताना रात्रीचं दव गोठलं तर फुलं काळी पडतात, मी वेदर ॲप बघून संध्याकाळी फ्लीस (झाडं झाकायचं पातळ कापड) टाकते.

हा वाण इथून तासाभरावरच्या साउथवेल गावचा. १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने बी पेरलं, पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने घेतलं, मेरीवेदर या नर्सरीवाल्याने कलमं मागितली तर ब्रॅम्ली म्हणाला द्या नाव माझं, आणि लावणारी मेरी ॲन नावातून गेलीच. सगळी ब्रॅम्ली त्या एका झाडाची कलमांवर कलमं आहेत, म्हणजे माझ्या झाडाचं लाकूडही तिच्याच बीचं. छाटणी करताना मला दरवेळी ती आठवते.

आता स्वयंपाकघर, कारण झाड लावलंच त्यासाठी. सोलून फोडी पातेल्यात टाकल्या, दोन चमचे पाणी घातलं की दहा मिनिटांच्या आत फोडी फुगतात, कडा विरघळतात आणि नुसता फिकट फेसाळ गर उरतो. क्रंबलला (फळांवर मैदा-लोणी-साखरेचा चुरा घालून भाजलेला गोड पदार्थ) याच्यासारखं काही नाही. मी मात्र कैरीची आठवण काढत मेथांबा करून पाहिला, पहिल्यांदा लगदा झाला, मग आईने फोनवर सांगितलं की फोडणीत गूळ आधी पातळ करून घे आणि फोडी अगदी शेवटी टाकून गॅस बंद कर. तसा केला, फोडी मऊ होतात पण राहतात, आणि चव, खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. तक्कू तर त्याहून सोपा, कच्चं किसून लगेच मीठ आणि लिंबू लावा नाहीतर किस काळा पडतो, वर कांदा, तिखट, गूळ, हिंग-मोहरीची फोडणी. इथे दुकानातली कैरी महाग आणि बहुतेक वेळा शिळी, त्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

तोडताना फळ तळहातात घेऊन हलकं उचलून फिरवा, देठासकट सुटलं तर तयार. डाग नसलेलीच ठेवायची, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून, एकमेकाला न लावता. ठेवलेल्या फळांची साल तेलकट लागते, ती खराब नाहीत, घाबरू नका. माझ्या गॅरेजमध्ये आज डिसेंबरात १९ शिल्लक आहेत, दर रविवारी उघडून बघते. जानेवारीत छाटणी, यंदा शेंडे राखून, फक्त आत गर्दी करणाऱ्या फांद्या काढणार आहे.