हॉपरच्या काट्याला सहा कोअर शील्डेड केबल: आठ महिन्यांचा अनुभव

पशुखाद्याच्या प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे. बॅच हॉपर, म्हणजे एका बॅचचा माल तोलायची टाकी, तीन लोडसेलवर (वजनाचा विजेचा सिग्नल देणारे सेन्सर) उभी, सेल प्रत्येकी एक टनाचा. हॉपरखालच्या जंक्शन बॉक्सपासून पॅनलमधल्या, वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरपर्यंत ३५ मीटर अंतर. आधी तिथे साधी चार कोअर केबल होती, तीही ब्लोअरच्या व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) केबलला चिकटून एकाच ट्रेमध्ये. ब्लोअर चालू झाला की ऑपरेटरची हाक ठरलेली, "साहेब, काटा नाचतोय." वीस-पंचवीस किलो इकडेतिकडे.

दोन वेळा इंडिकेटर बदलून पाहिला. मग कागदावर हिशेब मांडला. लोडसेल २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचे (पूर्ण वजनाला, दिलेल्या दर व्होल्टमागे), एक्सायटेशन म्हणजे सेलला दिलेला व्होल्टेज ५ व्होल्ट. म्हणजे तीन टनांना मिळून १० मिलिव्होल्ट, एका किलोला जेमतेम ३.३ मायक्रोव्होल्ट! एवढ्याशा सिग्नलला व्हीएफडीच्या शेजारी झोपवल्यावर दुसरं काय होणार?

डिसेंबरात सहा कोअर केबल टाकली. ०.५ चौरस मिमी, टिन्ड तांबं, पिळाच्या जोड्या, फॉइल आणि वर जाळीचं शील्ड. दर साध्या केबलच्या जवळपास तिप्पट, त्यामुळे स्टोअरवाल्याला दोनदा समजवावं लागलं. ट्रे वेगळा केला, व्हीएफडीच्या केबलपासून फूटभर लांब. शील्ड फक्त पॅनलकडे अर्थ केलं, जंक्शन बॉक्सकडचं टोक टेप मारून मोकळं ठेवलं. नाचणं त्याच दिवशी थांबलं.

पण दुपारच्या आणि पहाटेच्या वजनातला फरक उरला होता. तीन ३५० ओहमचे लोडसेल समांतर म्हणजे ११७ ओहमच्या आसपास, आणि जुन्या तारेचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स २.७ ओहम. वीस अंशांनी तापमान बदललं की तांब्याचा रेझिस्टन्स साधारण आठ टक्क्यांनी हलतो, टनाच्या बॅचला पावणेदोन किलोंचा फरक. सेन्सच्या दोन तारा, म्हणजे सेलपाशी खरा किती व्होल्टेज पोचला ते इंडिकेटरला कळवणाऱ्या, त्यासाठीच असतात. त्या जोडल्या होत्या, तरी फरक निम्म्यावरच अडकला. पंधरा दिवसांनी इंडिकेटरचं मागचं टर्मिनल नीट बघितलं, तर एक्सायटेशन आणि सेन्स एकमेकांना जोडणाऱ्या, चार कोअर केबलच्या वेळच्या लिंका तशाच! चूक माझीच. काढल्या, २० किलोची वजनं टाकून पुन्हा कॅलिब्रेशन केलं, तेव्हा कुठे जमलं.

लोडसेलची स्वतःची केबल लांब वाटली म्हणून कापू नका. चार तारांच्या सेलचं कॅलिब्रेशन त्या लांबीसकटच झालेलं असतं. आम्ही वेटोळं करून बांधली.

तक्रारीही आहेत. बाहेरचं जॅकेट कडक, वळवताना त्रास होतो. सोलताना फॉइलचा तुकडा कोअरला टेकून राहिला आणि एक दिवस वाया गेला. आता शील्डवर स्लीव्ह चढवल्याशिवाय ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथली आवळायची चकती) आवळत नाही. उंदरांना मळी लागलेलं जॅकेट फारच आवडतं, म्हणून खालचे चार मीटर जीआय पाइपातून नेले.

जुलैत काटा रिकाम्या हॉपरवर हळूहळू वर सरकू लागला. केबलला दोष देणारच होतो. जंक्शन बॉक्स उघडला तर वरच्या ग्लँडमधून आलेलं पाणी टर्मिनलवर. तो दोष केबलचा नव्हे, ग्लँडचा. केबल खालून आत घेतली, आधी एक झोळ सोडला म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. ऑगस्ट संपत आला, झीरो अजून हललेला नाही. मात्र हॉपरवर वेल्डिंग असेल तेव्हा मी स्वतः उभा राहून मशीनची अर्थ क्लँप जोडाच्या शेजारीच लावून घेतो, म्हणजे वेल्डिंगचा करंट लोडसेलमधून जात नाही.