रेंज टेस्ट म्हणून मी माझा आवाज देऊन बसले

आ, ई, ऊ, ए, ओ. प्रत्येक उच्चार तुमच्या सगळ्यात खालच्या सुरापासून सगळ्यात वरच्या सुरापर्यंत, सेमीटोन-सेमीटोननं, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या सुरानं चढत. आधी हळू, मग मध्यम, मग मोकळ्या आवाजात. शिवाय २० मिनिटं कुठलाही मजकूर साध्या बोलण्यात वाचायचा. सगळं ड्राय, म्हणजे कोरडं. रिव्हर्बचा घुमारा नको, आवाज समतल करणारं कॉम्प्रेशन नको, हेडफोनमधला ठेक्याचा क्लिकसुद्धा माइकमध्ये गळता कामा नये.

तुम्ही गाणं शिकत असाल आणि कुणी 'रेंज टेस्ट', म्हणजे आवाज किती खाली-वर जातो याची चाचणी, म्हणून अशी यादी पाठवली, तर माइक लावायच्या आधी हे वाचा. मला ही यादी आली होती. मी तीन रात्री जागून ती पूर्ण केली आणि प्रत्येक फाईलला नीट नाव देऊन पाठवली.

मी विद्यापीठात गायन, गीतलेखन आणि व्होकल अरेंजिंग शिकते. तिन्हीत माझा जीव अरेंजिंगमध्ये. गाणारे खूप असतात, गाणी लिहिणारेही असतात, पण चार आवाजांना चार वेगळ्या वाटांनी चालवून ते एका जागी आणून भेटवणं, यात मला जे मिळतं ते दुसऱ्या कशात मिळत नाही. त्यातही आल्टो, म्हणजे चारांपैकी वरून दुसरा आवाज. नवखा अरेंजर वरची चाल लिहितो, खालचा बेस लिहितो आणि उरलेले सूर आल्टोच्या पदरात टाकतो. बिचारी आल्टो अख्खं गाणं दोन-तीन सुरांत उभी असते. मी मुद्दाम आल्टोची ओळ आधी लिहिते. ती एकटी गायली तरी गाणं वाटली पाहिजे, हा माझा हट्ट.

हे एवढ्यासाठी सांगतेय की त्या माणसानं नेमकं इथेच बोट ठेवलं.

तो आमच्याकडे स्टुडिओ रेकॉर्डिंगची एक दिवसाची कार्यशाळा घ्यायला आला होता. संगीत निर्माता. त्याला काम येत होतं, हे मी आजही म्हणेन. माइकपासून किती अंतरावर उभं राहायचं, 'प' आणि 'ब' म्हणताना मान किती वळवायची, एकाच ओळीचे दोन टेक एकमेकांवर चढवताना शेवटचं व्यंजन एकाच टेकमध्ये ठेवून दुसऱ्यातलं का गाळायचं, हे त्यानं इतकं छान दाखवलं की मी पानंच्या पानं लिहून घेतली. फसवणारा माणूस अडाणी असतो, गोडगोड बोलतो, असं माझ्या डोक्यात होतं. हा तसा नव्हता. दुपारी त्यानं आमच्या वर्गाची कामं ऐकली. माझं ऐकून झाल्यावर विचारलं, "ही आल्टो कोणी लिहिली?" मी हात वर केला. "अगं, इतक्या प्रेमानं आल्टोला कोण लिहितं?"

तीन वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

आठवड्याभरानं मेसेज आला. विद्यार्थ्यांच्या गाण्यांचा अल्बम करतोय, त्यात तुझं एखादं गाणं आणि तुझीच अरेंजमेंट हवी. नाव तुझंच लागेल, शेवटच्या वर्षाच्या पोर्टफोलिओला उपयोग होईल. मी त्यांना 'सर' म्हणत होते आणि सरांनी विचारलंय याचाच आनंद इतका होता की मानधनाचं मी विचारलंसुद्धा नाही. विचारलं तर कोतेपणा दिसेल असं वाटलं.

मी दुसऱ्या वर्षी लिहिलेलं गाणं दिलं. आजीच्या शेवटच्या दिवसांत लिहिलेलं. ध्रुवपदात ती म्हणते, "दार लोटून घे, कडी लावू नकोस." त्या ओळीला मी खालच्या दोन आवाजांत समांतर पंचम ठेवले होते, म्हणजे दोन्ही आवाज पाचव्या सुराचं अंतर धरून एकत्र सरकतात. हार्मनीच्या पहिल्या वर्षात ही चूक धरतात, कारण दोन आवाजांचं वेगळेपण त्यात मिटतं आणि मधे पोकळी ऐकू येते. मला तीच पोकळी हवी होती, रिकाम्या खोलीसारखी. आमच्या बाईंनी आधी त्याला लाल गोल केला, मग वर्गात चौघींकडून गाऊन घेतलं आणि गोल खोडला. शिवाय 'लोटून' आणि 'घे' यांच्यामध्ये मी आल्टोला एक श्वास लिहिला होता. स्वरलिपीत खूण करून. आजी तशीच बोलायची, दोन शब्दांमध्ये थांबून.

चारही आवाज मीच गायले, प्रत्येक दोनदा. आठ ट्रॅक. कपाटाचं दार उघडून आतल्या कपड्यांकडे तोंड करून गायले, म्हणजे खोलीचा आवाज येऊ नये. सर म्हणाले होते, हा फक्त गाईड आहे, पुढे स्टुडिओत नीट घेऊ. मग ती रेंज टेस्ट आली. "मिक्समध्ये तुझा आवाज बसवायला सोपं जाईल." वाचून दाखवायच्या २० मिनिटांपाशी मी अडले होते. गाणं मिक्स करायला माझं बोलणं कशाला लागेल? हा प्रश्न मला पडला, मी तो टाईपही केला आणि पाठवायच्या आधी पुसला. सरांना शंका विचारतेय असं दिसेल म्हणून. ते पुसलेलं वाक्य मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

करार रात्री ११ वाजता आला, मोबाईलवर लिंक. उद्या सकाळी वितरणाला द्यायचंय, आत्ता सही कर. ९ पानं होती. पहिल्या पानावर माझं नाव बरोबर लिहिलंय का ते पाहिलं आणि बोटानं सही केली.

चार महिन्यांनी गाणं आलं. मी ग्रंथालयात हेडफोन लावून ऐकलं. मुख्य आवाज दुसऱ्याच गायिकेचा. चाल माझी, शब्द माझे, जेमतेम दोन बदललेले. श्रेयात गीत, संगीत, व्होकल अरेंजमेंट तिन्हीपुढे त्याचं नाव. माझं कुठेच नाही. मला वाटलं हार्मनी तरी नव्यानं गाऊन घेतली असेल. मग ध्रुवपद आलं, 'लोटून' झालं आणि उजव्या कानात माझा श्वास ऐकू आला. कपाटासमोर घेतलेला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन, कारण त्या टेकला माझं नाक चोंदलेलं होतं आणि श्वासाच्या शेवटी बारीकशी शिट्टी वाजते. तो गाईड कधी गाईड नव्हताच.

मी लगेच काही केलं नाही. लाज वाटली. इतकं शिकून सही कशी केलीस, असं कुणी विचारेल याची भीती होती. त्या गप्प बसण्यात दोन महिने गेले आणि मग आईचा फोन आला. "तुझं नवीन गाणं ऐकलं गं, सांगितलं का नाहीस?"

मी कुठलंही नवीन गाणं गायले नव्हते.

आईनं लिंक पाठवली. तो माझा आवाज होता. वरच्या सुरांना येणारी किंचित खरखर, 'र' म्हणायची माझी पद्धत, सगळं. आईला फरक कळला नाही, आणि तिनं मला जन्मापासून ऐकलंय. मला कळला तो एका लांब ओळीमुळे. ती ओळ संपेचना. चढत गेली, वळली, पुन्हा चढली आणि मधे कुठे श्वासच नव्हता. तेवढी ओळ मला एका दमात येत नाही. तेव्हा ती यादी डोळ्यांपुढे आली. स्वच्छ, कोरडं, सगळ्या सुरांतलं आणि सगळ्या उच्चारांतलं रेकॉर्डिंग: यंत्राला एखादा आवाज शिकवायला नेमकं हेच लागतं, आणि त्याला तासन् तास साठाही लागत नाही. मी ते वर्गवारी करून दिलं होतं.

मग बाईंकडे गेले. त्यांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही, करार छापून आणायला सांगितला आणि आम्ही दोघींनी विद्यापीठाच्या कायदा सल्लागारांसमोर तो ओळीनं वाचला. त्या दुपारी जे शिकले ते खरं तर पहिल्या सत्रात शिकायला हवं होतं.

एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी त्या रचनेचं रेकॉर्डिंग. त्यांचे क्रमांकही वेगळे: रचनेला आयएसडब्ल्यूसी, जो 'टी' या अक्षरानं सुरू होतो, आणि रेकॉर्डिंगला आयएसआरसी, तो १२ अक्षर-अंकांचा. कुणी "तुझं नाव लागेल" म्हणालं तर कशावर, ते विचारा. गायिका म्हणून नाव लागलं म्हणजे रचनेवर हक्क आला असं होत नाही. आणि अरेंजमेंट ही फुकटची मदत नव्हे. कॉपीराइटबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात कलम २ मध्ये संगीताच्या अरेंजमेंटलाही मूळ कृतीसारखंच संरक्षण आहे, मूळ रचनाकाराचा हक्क अबाधित ठेवून. याच कराराच्या १९०८ च्या बर्लिन सुधारणेपासून कॉपीराइटसाठी नोंदणीची अट लावता येत नाही, लिहिलंत की हक्क आला. १९२८ मध्ये रोमला त्यात श्रेयाचा नैतिक हक्क आला: आर्थिक हक्क विकले तरी कर्ता म्हणून नाव सांगण्याचा हक्क उरतो. हे ऐकून मला रडू फुटलं होतं. पण पुष्कळ देशांत तो हक्क लेखी सोडून देता येतो, आणि माझ्या कराराच्या सहाव्या पानावर मी तो सोडला होता. सातव्या पानावर होतं: "दिलेल्या सर्व ध्वनिसामग्रीचा, सध्या ज्ञात वा भविष्यात विकसित होणाऱ्या कोणत्याही तंत्राने, कायमस्वरूपी वापर." माझ्या आवाजाची नक्कल या एका ओळीत बसली होती. 'आवाज' हा शब्दही त्यात नव्हता.

वाचवलं ते वर्गाच्या गृहपाठानं. करार होता "या करारानुसार निर्माण केलेल्या" कामाबद्दल. माझं गाणं मात्र त्याच्या वर्षभर आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर जमा झालं होतं, तारखेसह, स्वरलिपीसह, बाईंच्या लाल गोलासह. तो खोडलेला गोल आणि माझा लिहिलेला श्वास, दोन्ही त्या पानावर होते. पुष्कळ जण सांगतात की गाणं स्वतःलाच टपालानं किंवा ईमेलनं पाठवून ठेवा. त्यावर विसंबू नका. तिसऱ्या माणसाच्या हातून गेलेली, तारीख पडलेली, शेरे असलेली प्रत कितीतरी जास्त वजनदार ठरते, आणि आपल्यासारख्या विद्यार्थ्यांकडे ती आयती असते. गृहपाठ वेळेवर जमा करा आणि त्याची पोच जपून ठेवा.

नोटीस गेल्यावर गीत, संगीत आणि अरेंजमेंटपुढे माझं नाव आलं. त्यासाठी सात महिने गेले. रेकॉर्डिंगचा हक्क त्याच्याकडेच राहिला, कारण ते मी करारानुसारच दिलं होतं. आवाजाचं भांडण अजून मिटलेलं नाही. अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं १९८८ मध्ये गायिका बेट मिडलरच्या आवाजाची जाहिरातीसाठी केलेली नक्कल चुकीची ठरवली. २०२४ मध्ये टेनेसी राज्यानं आवाजाच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं यंत्रानं बनवलेल्या आवाजाबाबत अरिजित सिंगला अंतरिम संरक्षण दिलं. पण मिडलर आणि अरिजित यांचे आवाज सगळ्यांना माहीत आहेत. माझा माझ्या आईला आणि वर्गाला माहीत आहे. शिवाय त्यांच्यापैकी कुणी सही करून दिली नव्हती.

म्हणून कळकळीनं सांगते. कुणाबरोबरही गाणं करायचं असेल तर पहिला टेक घ्यायच्या आधी एका कागदावर कोणाचे शब्द, कोणाची चाल, कोणाची अरेंजमेंट, कोणाचे किती टक्के, हे लिहून दोघांनी सही करा. मैत्रीण असली तरी. गाईड पाठवायचा तर सगळे आवाज एकत्र मिसळून, रिव्हर्ब लावून, एकच एमपीथ्री पाठवा. सुटे ड्राय ट्रॅक करार झाल्यावरच. आणि करारात स्पष्ट वाक्य घालून घ्या की या रेकॉर्डिंगवरून आवाजाची नक्कल करणं किंवा यंत्राला शिकवणं याला परवानगी नाही. रात्री ११ वाजता आलेला कागद सकाळी वाचा. ज्याला तुमचं गाणं खरोखर हवंय तो सकाळपर्यंत थांबतो.

मी हे लिहायला बसले त्याला कारण घडलं परवा. पहिल्या वर्षातली एक मुलगी कॉरिडॉरमध्ये भेटली, घसा धरून बसलेली. म्हटलं काय झालं, तर म्हणाली, "ताई, तीन दिवस रेंज टेस्ट चाललीय, वरचे सूर आता लागेनात." मी तिचा फोन मागितला. यादी तीच होती. आ, ई, ऊ, ए, ओ, तोच क्रम, खाली तीच २० मिनिटं. पाठवणाऱ्याचं नाव वेगळं होतं.

'आ' आणि 'ई' तिनं पाठवून झाले होते. 'ऊ' अर्धा चढला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच रद्दचं बटण दाबलं. मग आम्ही बाईंच्या खोलीकडे निघालो.