यमूपासून सुरुवात करावी की विधवांच्या प्रश्नापासून?

ठाण्यात मराठी घेऊन पदवी करणारे विद्यार्थी हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीवर निबंध लिहू लागतात, तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा असतात : व्यक्तिरेखा धरून लिहिणे किंवा आशयसूत्र धरून लिहिणे.

आशयसूत्राची वाट सोपी वाटते. बालविवाह, स्त्रीशिक्षण, केशवपन असे मथळे हाताशी असतात आणि संदर्भही सहज मिळतात. १८९३ पासून सुरू असलेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय तर जवळच आहे. मात्र असा निबंध बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या सामाजिक इतिहासाचा सारांश होऊन बसतो आणि कादंबरी बाजूलाच राहते.

व्यक्तिरेखेची वाट अधिक कष्टाची असली, तरी मला तीच भावते. कादंबरीची नायिका यमू स्वतः आपली कहाणी सांगते, त्यामुळे तिला लहानपणी काय कळत होते आणि लिहिताना काय उमगले आहे, यांतले अंतर वाक्यावाक्यांतून शोधावे लागते. पतीबरोबर मुंबईत लाभलेला मोकळेपणा आणि वैधव्यानंतर शंकरमामंजींनी बळजबरीने घडवून आणलेले केशवपन हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचले, की रूढीची क्रूरता वेगळी सांगावी लागत नाही. यमूची मैत्रीण दुर्गी हिच्याकडेही दुय्यम पात्र म्हणून पाहू नये, कारण तिच्या संसाराची परवड पाहिल्यावरच सधवेचे दुःखही ध्यानात येते.

या वाटेतही एक धोका आहे : ‘यमू सोशिक होती’ अशा गुणवर्णनावर थांबण्याचा. म्हणून प्रत्येक विधानाला कादंबरीतील प्रसंगाचा आधार द्यावा आणि आशयसूत्राचे नाव त्यानंतरच घ्यावे.