मतदान कार्डाचे फॉर्म भरून देणारं मानेवाड्यातलं दुकान: पाचपैकी साडेतीन तारे

दुकानाचं नाव लिहीत नाही. ते चालवणारा पोट्टा शेजारच्या गल्लीतला आहे, त्याच्या आईचे ब्लाउज माझ्याकडेच शिवायला येतात. नागपुरात मानेवाडा रोडवर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची अशी बरीच दुकानं आहेत, त्यातलंच हे एक. दोन कम्प्युटर, एक कूलर, लॅमिनेशनचं मशीन आणि काचेवर चिकटवलेली यादी: पॅन, आधार, उत्पन्नाचा दाखला, मतदान कार्ड. फॉर्मचे 50 रुपये.

आम्ही 2021 मध्ये उमरेडहून नागपूरला आलो, पण नावं तिकडेच राहिली. उमरेड विधानसभा रामटेक लोकसभेत येते, म्हणजे राहायला नागपुरात आणि खासदार निवडायचा रामटेकचा. 2024 च्या लोकसभेला एप्रिलच्या उन्हात सासूबाईंना घेऊन एसटीनं उमरेडला गेलो, तेव्हाच ठरवलं की विधानसभेच्या आधी नावं इकडे आणायची.

ऑगस्टमध्ये दुकानात गेलो. पोट्ट्यानं माझा फॉर्म भरला, प्रिंट हातात दिली. मी मापाची वही दोनदा वाचणारी बाई, हेही वाचलं. त्यानं फॉर्म 6 भरला होता. तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांचा. आपलं नाव दुसरीकडे कुठंच नाही असं त्यात लिहून द्यावं लागतं, आणि खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पत्ता बदलायचा तर फॉर्म 8. त्यात जुना कार्ड नंबर टाकायचा, तीन अक्षरं आणि सात आकडे. तो नंबर बदलत नाही, नाव फक्त एका यादीतून दुसऱ्या यादीत जातं. पोट्ट्याची चूक कुठून आली तेही कळलं. 2022 च्या आधी दुसऱ्या मतदारसंघात जायलाही फॉर्म 6 च चालायचा, त्याचा हात तिथंच बसलेला. पण दुसऱ्या फॉर्मचे त्यानं परत 50 मागितले! मी म्हटलं, भाऊ, माझ्या हातून बाही चुकली तर मी उसवून परत शिवून देते, पैसे नाही मागत. गप बसला.

दुसरी तक्रार याहून मोठी. सगळ्यांच्या फॉर्मवर तो स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. का तर ओटीपी पटकन येतो. पण मग पुढचे मेसेजही त्यालाच जातात, आपण वाट पाहत बसायचं. आपला नंबर टाकायला लावा आणि अर्जाचा क्रमांक कागदावर लिहून घ्या.

आता तारे कशाचे ते सांगते. सासूबाईंचा फॉर्म 8 भरताना त्यानं आधार कार्ड न पाहता आधी त्यांनाच विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?" सासूबाई म्हणाल्या, "लिही ना, वामनची आई." पोट्टा हसला नाही. म्हणाला, "आजी, वामन मत देऊन राहिला का? तुमचं सांगा." त्यांनी इतक्या हळू सांगितलं की त्याला दोनदा विचारावं लागलं.

घरी येताना ऑटोत त्या त्यांच्या आईबद्दल बोलल्या. देशातल्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी, 1951-52 ला, नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं आणि सासूबाई तेरा वर्षांच्या. इंग्रजांच्या काळात शेतसारा, कर, शिक्षण पाहून मताचा हक्क मिळायचा, काही बायांना नवऱ्याच्या मालमत्तेवर. त्या पहिल्या निवडणुकीला मात्र एकवीस वर्षं पूर्ण असली की झालं. पण यादी करणाऱ्यांना देशात लाखो बायांनी "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढंच सांगितलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावं चालवून घेतली नाहीत. जवळपास 28 लाख बायांची नावं यादीतून गेली. सासूबाईंच्या आईनं मात्र नाव सांगितलं होतं. सासूबाईंच्या लक्षात पेट्या आहेत. तेव्हा चिठ्ठीवर शिक्का नव्हता मारायचा; प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह, आपली चिठ्ठी त्या पेटीत टाकायची. बैलजोडीची पेटी आईनं घरी येऊन वर्णन करून सांगितली होती. कोणत्या पेटीत टाकली ते शेवटपर्यंत नाही सांगितलं म्हणे.

सासूबाई 2024 ला 86 च्या. घरून मतदान करता येतं हेही त्या पोट्ट्यानंच सांगितलं, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. "ते माझं काम नाही, बीएलओ, म्हणजे आपल्या केंद्राची मतदार यादी पाहणारे, फॉर्म 12 डी घेऊन घरी येतात." 85 च्या वरच्यांना आणि 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना ही सोय आहे. फक्त एकदा घरून मत देतो म्हटलं की मग केंद्रावर जाता येत नाही. नोव्हेंबरमध्ये कर्मचारी आले, व्हिडिओवाला सोबत. सासूबाईंनी आम्हाला सगळ्यांना स्वयंपाकघरात पाठवलं आणि कागदावर खूण करून पाकीट स्वतः चिकटवलं.

मुलीचं काही सांगण्यासारखं नाही. जूनमध्ये अठरा झाली, बाकावर बसल्या बसल्या फोनवर तिनं स्वतःच फॉर्म भरला, फुकट, आणि मला म्हणे, "आई, पन्नास रुपये काऊन दिले?" पूर्वी 1 जानेवारी ही एकच तारीख धरायचे, तिला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं असतं. आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. माझे जेठ 1984 ला एकोणीस वर्षांचे होते, पण तेव्हा वय एकवीस लागायचं. ते 1989 ला अठरा झालं, तोवर जेठ चोवीस. अजून कुरकुरतात.

20 नोव्हेंबरला मी आणि मुलगी घराजवळच्या शाळेत मत देऊन आलो, एसटी नाही, काही नाही.

ज्यांना फोनवर जमतं त्यांनी दुकानात जाऊ नये. अडलं तर निवडणुकीच्या हेल्पलाइनवर, 1950 या नंबरवर, फोन करा. दुकानातला पोट्टा 100 रुपयांत चकचकीत प्लास्टिक कार्ड छापून देतो, ते घेऊ नका, खरं कार्ड पोस्टानं येतं. ज्यांना जमत नाही त्यांनी जावं, पण प्रिंट वाचून घ्यावी. दुपारी दोन ते चार बंद असतं. फोटो घरूनच न्या, त्याच्या कॅमेऱ्यात चष्मा चमकतो.